शाळेच्या जिममधले चार जज्ज

निवडणुकीच्या दिवशी आम्ही पहाटे पाचला शिकागोजवळच्या शॉमबर्ग गावातल्या एका शाळेच्या जिममध्ये शिरतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. मधल्या वेळात फोन बघायचा नाही, पुस्तक वाचायचं नाही, राजकारणावर तर अजिबात बोलायचं नाही. चार माणसांना दिवसभर असं कोंडून ठेवलं की किस्से होणार नाहीत तर काय! दर वेळी घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगते. शेवटी तोच म्हणाला, "मीनल, मला तेच तेच ऐकवण्यापेक्षा लिहून का काढत नाहीस?"

तर आम्ही चौघं. मी नागपूरची, केमिस्ट म्हणून नोकरी केली, आता रिटायर्ड. पेंडसेकाका मूळचे सांगलीचे, सिव्हिल इंजिनिअर, पन्नास वर्षांपूर्वी इथे आले. वॉल्टर जन्मभर पोस्टमन होता. आणि डोलोरेस, जिनं एका शाळेचं किचन तीस वर्षं सांभाळलं. पाचवा माणूस दर वेळी नवा येतो आणि पुन्हा कधी येत नाही.

इथला नियम असा, की मतदान केंद्रावर दोन्ही पार्ट्यांची माणसं हवीत. हत्तीवाली लाल पार्टी आणि गाढववाली निळी पार्टी. वॉल्टर आणि पेंडसेकाका लाल, डोलोरेस आणि मी निळ्या. मशीनचं सील तोडायचं असो की मतपत्रिकांचा खोका उचलायचा असो, एक लाल आणि एक निळा असे दोन हात लागतातच. आणि आमच्या या पदाचं अधिकृत नाव आहे इलेक्शन जज्ज.

सगळा घोटाळा त्या नावापासून सुरू झाला.

*

पहिल्यांदा मला नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा नवऱ्यानं, श्रीनिवासनं, कौतुकानं त्याचा फोटो सासूबाईंना पाठवला. त्या कराडजवळच्या गावी असतात. त्यांना त्यातला एकच शब्द वाचता आला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, "आमची सूनबाई अमेरिकेत जज्ज झाली!"

आठवड्याभरात माझ्या चुलतदिरांचा, आनंदरावांचा, मेसेज आला. सोबत चौतीस पानं. सातबाराचे उतारे, जुना नकाशा आणि बांधावर उभं राहून काढलेले स्वतःचे तीन फोटो. शेजारच्यानं बांध कोरला होता आणि वाद बारा वर्षं चालू होता. खाली लिहिलं होतं, "वहिनी, सवडीनं बघा. आपला विश्वास आहे."

मी घाईघाईनं फोन लावला. "अहो भावजी, मी तसली जज्ज नाही. मी फक्त निवडणुकीची जज्ज आहे."

"पण निकाल द्यायचा अधिकार आहे ना?"

"नाही हो. मतदाराला पेन द्यायचा अधिकार आहे."

त्यांचा आवाज पडला. मलाही वाईट वाटलं. माणूस बारा वर्षं तालुक्याला खेटे घालतोय, आणि मी पेनाच्या गोष्टी सांगतेय.

दोन महिन्यांनी सासूबाईंचा फोन. "अगं, बांधाचं मिटलं!"

"कसं काय?"

"कसं म्हणजे? आपल्या आनंदानं त्या शेजारच्याला सांगितलं, अमेरिकेचा जज्ज घरात आहे. तो गपचूप अडीच फूट मागे सरकला!"

*

पेंडसेकाकांना अमेरिकेचा इतिहास तोंडपाठ. इथे जन्मलेल्यांना जे माहीत नसतं ते त्यांना माहीत असतं, आणि माहीत आहे हे ते लपवत नाहीत. शिवाय त्यांचा लहानपणापासून मंगळवारचा उपास. अमेरिकेत निवडणूक कायम मंगळवारी. त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत काका उपाशी, आणि उपाशी काका जरा जास्तच इतिहास सांगतात.

एकदा सकाळच्या गर्दीनंतर डोलोरेस जांभया देत म्हणाली, "हे नेहमी मंगळवारीच का ठेवतात कोण जाणे. शनिवारी ठेवलं तर काय बिघडेल?"

झालं! काका खुर्ची ओढून बसले. "त्याचं कारण असं. पूर्वी लोक शेतकरी. रविवारी चर्च. मतदानाचं गाव लांब, घोडागाडीनं जायला एक दिवस. म्हणजे सोमवार प्रवासात. बुधवारी बाजार. मग उरला कोण? मंगळवार!"

डोलोरेसनं बोटांवर वार मोजले. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं पहाटे साडेतीनला उठतेय ते कुणाच्या तरी घोड्यापायी?"

वॉल्टर कॉफी पिता पिता ठसकला.

काका मात्र रंगात आले होते. "आणि अगदी सुरुवातीला तर गंमतच होती. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो अध्यक्ष, आणि जो दुसरा येईल तो उपाध्यक्ष. म्हणजे ज्याच्याशी भांडलात त्याच्याच शेजारी चार वर्षं बसायचं! विचार करा, कसली पद्धत ही?"

"यात विचार काय करायचा?" डोलोरेस म्हणाली. "आमच्याकडे त्याला लग्न म्हणतात."

*

लग्नावरून आठवलं. मुख्य निवडणुकीआधी प्रायमरी असते, म्हणजे प्रत्येक पार्टी आपापला उमेदवार निवडते. त्या दिवशी मतदाराला टेबलाशी येऊन तोंडानं सांगावं लागतं, मला अमुक पार्टीची मतपत्रिका द्या. कुणाला मत दिलं ते गुप्त, पण कुठल्या पार्टीची मतपत्रिका घेतली ते मागच्या रांगेलाही ऐकू जातं.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळातले डॉक्टर राजोपाध्ये आणि राजोपाध्येकाकू एकदा जोडीनं आले. एकेचाळीस वर्षांचा संसार. डॉक्टर आधी नेहमी क्लिनिकमधून येताना एकटेच येऊन जायचे, काकू त्यांच्या सवडीनं. त्या वर्षी डॉक्टर रिटायर झाले होते, म्हणून पहिल्यांदाच बरोबर.

डॉक्टरांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "लाल!" मी मतपत्रिका दिली.

काकू पुढे आल्या. पर्स नीट केली. अगदी हळू म्हणाल्या, "मला निळी दे गं."

डॉक्टर वळले. रांगेत बरेच अमेरिकन होते म्हणून त्यांनी मराठीत, दबक्या आवाजात दटावलं, "अगं, चुकतेयस! आपण लाल!"

काकूंनी माझ्या हातातून निळी मतपत्रिका घेतली आणि म्हणाल्या, "आपण नाही. तुम्ही."

मी पेन पुढे केला तो तसाच हवेत राहिला. एकेचाळीस वर्षांत त्या 'आपण'मधून काकू बाहेर पडलेल्या मी तरी ऐकल्या नव्हत्या. डॉक्टरांनीही नसाव्यात. ते मतपत्रिका घेऊन बूथमध्ये गेले, आणि इतका वेळ लावला की वॉल्टरनं मला विचारलं, त्यांना बरं वाटतंय ना?

मत देऊन दोघं बाहेर पडली. मला राहवेना. मी खिडकीतून बघितलं. पार्किंगमध्ये डॉक्टर गाडीला वळसा घालून काकूंच्या बाजूला गेले आणि त्यांनी काकूंसाठी दार उघडून धरलं!

पुढे गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात काकू भेटल्या. मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी डॉक्टरकाकांनी चक्क दार उघडलं तुमच्यासाठी?"

"हो ना," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, धक्क्यानं माणूस स्वतःची सीट विसरला."

*

केतकी सोलापूरची. नागरिकत्व मिळून तिला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत पहिलं मत द्यायला ती साडी नेसून आली. आईनं खास पाठवलेली इरकल, कशिदा काढलेली. नोव्हेंबरच्या थंडीत, जाकिटं घातलेल्या रांगेत ती एकटी झळकत होती. मला इतकं छान वाटलं!

तेवढ्यात डोलोरेसनं माझी बाही ओढली. "मीनल, हत्ती."

"काय?"

"त्या कपड्यावर हत्ती आहेत. मी मोजलेत. दिसतायत तेवढेच चाळीस आहेत."

खरंच. काठावर सगळीकडे कशिद्याचे हत्ती. आणि नियम म्हणजे नियम. केंद्राच्या आसपास पार्टीचं चिन्ह मिरवायचं नाही. टोप्या, बिल्ले, टी-शर्ट घातलेल्यांना आम्ही नेहमी परत पाठवतो. हत्ती तर लाल पार्टीचा. त्यातून हरकत घेणारी डोलोरेस निळ्या पार्टीची, त्यामुळे तिला गप्प बसवलं तर तेही चुकीचं दिसलं असतं.

केतकीला कळलं तसा तिचा चेहरा उतरला. "मावशी, मी घरी जाऊन कपडे बदलून येऊ का? पण मला अकराला ऑफिसला पोचायचंय, मग रांगेत परत नंबर लागायचा नाही." तिचे डोळे भरून आले होते. "आईला मत दिल्यावर फोटो पाठवणार होते."

पेंडसेकाकांनी नियमांचं पुस्तक काढलं. चष्मा वर-खाली करत दोनदा वाचलं. "टोपी आहे, टी-शर्ट आहे, गाडीवरचा स्टिकर आहे. साडीबद्दल काही लिहिलेलं नाही."

शेवटी वॉल्टर उठला. तो स्वतः जन्मापासून हत्तीवाला, त्यामुळे या विषयातला अधिकारी माणूस. गुडघ्यावर हात ठेवून तो हळूहळू वाकला आणि काठ न्याहाळायला लागला.

"सगळ्यांच्या सोंडा वर आहेत," तो म्हणाला. "पाठीवर छान हौदा आहे."

"मग?" डोलोरेसनं विचारलं.

"आणि सगळेच्या सगळे एकाच दिशेला चाललेत." वॉल्टर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "हे आमच्या पार्टीचे असणं शक्य नाही. जाऊ दे तिला आत."

सगळ्यात मोठ्यानं डोलोरेसच हसली, आणि फोटोही तिनंच काढून दिला, अर्थात दाराच्या बाहेर जाऊन.

*

ज्यांना आत चालत येता येत नाही त्यांची मतपत्रिका गाडीपर्यंत न्यावी लागते. तिथेही एक लाल, एक निळा. एकदा लिमयेमावशींचा निरोप आला. मावशी शहाऐंशी वर्षांच्या, कमरेचं ऑपरेशन झालेलं, मुलगा सुनील त्यांना गाडीतून घेऊन आला होता. पेंडसेकाका आणि मी थंडीत कुडकुडत, मतपत्रिका फोल्डरमध्ये घालून गाडीपाशी गेलो.

मावशींनी काच खाली केली. मतपत्रिका मांडीवर घेतली, चष्मा लावला. बराच वेळ वाचलं. मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "कुणाला देऊ रे?"

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"मावशी, आम्हाला सांगता येत नाही," मी म्हटलं.

"का? तुला माहीत नाही?"

"माहीत आहे... म्हणजे माझं मला माहीत आहे. पण सांगायची परवानगी नाही."

"आणि तुला, पेंडसे?"

काकांनी नुसती मान हलवली. हा असा माणूस, जो मंडळाच्या हळदीकुंकवालासुद्धा बाहेर उभं राहून बायकांना करप्रणाली समजावून सांगतो!

मावशी चिडल्या. "वर्षभर न विचारता सांगत फिरता. गणपतीत सांगता, कोजागरीला सांगता, माझं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात येऊन दोन्ही बाजूंनी सांगितलंत. आज मी आपणहून विचारतेय, तर दोघांच्या तोंडाला कुलूप!"

आम्ही दोघं खाली मान घालून उभे. वारा असा झोंबत होता की काकांच्या नाकाचा शेंडा लाल झालेला.

मग मावशींनी झरझर खुणा केल्या, मतपत्रिका फोल्डरमध्ये सरकवली आणि काकांच्या हातात दिली. "मी घरूनच ठरवून आले होते. तुम्हाला किती वेळ गप्प राहता येतं तेवढं बघायचं होतं. सुनील, काच वर घे. थंडी येतेय."

*

गोडबोलेकाका पुण्याला बँकेत होते. रिटायर झाल्यावर मुलीकडे आले आणि यथावकाश नागरिक झाले. गृहस्थ फार शांत. त्यांची मतदानाची दुसरीच वेळ होती. मी टॅबलेटवर नाव शोधलं तर नावापुढे शेरा. मी तो दोनदा वाचला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काका... इथे तुम्ही... वारला आहात असं दाखवतंय."

त्याच नावाचे दुसरे एक गृहस्थ त्या उन्हाळ्यात खरंच गेले होते, आणि नोंद चुकून या काकांच्या नावावर पडली असावी. अशा वेळी एक वेगळी मतपत्रिका देतात, मग पुढे चौकशी होऊन ते मत धरतात. पण आधी माणसाची ओळख पटवणारं काहीतरी हातात असलं की बरं. मला फार संकोच वाटत होता. एवढ्या वयाच्या माणसाला 'तुम्ही जिवंत असल्याचं काही आहे का' असं कसं विचारायचं?

गोडबोलेकाकांनी शांतपणे कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि एक लांब पाकीट टेबलावर ठेवलं. "हयातीचा दाखला," ते म्हणाले.

आमच्यापैकी काहीजणांना हे नव्यानं सांगायला नको. भारतात पेन्शन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असा दाखला पाठवावा लागतो. काकांनी नेमका आदल्याच दिवशी तो सही-शिक्क्यानिशी करून घेतला होता आणि मतदान करून पोस्टात टाकायला निघाले होते.

डोलोरेसनं तो कागद उजेडात धरून वाचला. "सदर इसम माझ्यासमोर हजर होता आणि जिवंत आहे..." तिनं काकांकडे बघितलं, मग परत कागदाकडे. "इतक्या वर्षांत लोकांनी मला वीजबिलं दाखवली, लायब्ररीची कार्डं दाखवली. जिवंत असल्याचं सर्टिफिकेट पहिल्यांदाच बघतेय!"

"आमच्याकडे दर वर्षी लागतं," गोडबोलेकाका नम्रपणे म्हणाले.

इकडच्या जुन्या राजकारणात मेलेली माणसंही मत देऊन जायची अशा गोष्टी वॉल्टरनं लहानपणापासून ऐकलेल्या. त्यानं मान हलवत सुस्कारा सोडला.

"हा कागद जुन्या शिकागोत असता तर इतिहास वेगळा झाला असता."

*

आता जरा अवघड किस्सा.

मागच्याच्या मागच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या आधी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भडका उडाला. आधी कुणीतरी काहीतरी फॉरवर्ड केलं, कुणीतरी त्यावर अंगठा दाखवला. मग पेंडसेकाकांनी मोठी पोस्ट लिहिली. मग मी लिहिलं. मग काकांनी लिहिलं, "तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती." मी लिहिलं, "तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते," आणि पुढे जे लिहिलं त्यात मान कुठेच नव्हता. दहा मिनिटांनी पेंडसेकाका ग्रुपमधून बाहेर पडले. तो ग्रुप त्यांनीच सुरू केलेला!

तीन महिने अबोला. गणपतीत आरतीला ते एका टोकाला, मी दुसऱ्या. श्रीनिवासची बायपास झाली तेव्हा हा माणूस तीन दिवस हॉस्पिटलात माझ्याबरोबर बसला होता. मला घरी पाठवून स्वतः खुर्चीत पेंगला होता. हे सारखं आठवायचं. पण फोन उचलून पहिलं कोण बोलणार? मीही नागपूरची!

निवडणुकीच्या आदल्या दिवशी श्रीनिवासनं विचारलं, "काकांसाठी खिचडी नेणार ना?" दर निवडणुकीला मंगळवारच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी मीच नेते. मी म्हटलं, "मुळीच नाही." आणि मग जाऊन साबुदाणा भिजत घातला.

पहाटे जिममध्ये पाहते तर पाचवा माणूस आलाच नव्हता आणि वॉल्टर पाठदुखीनं बसूनच काम करणार होता. म्हणजे उभ्यानं करायची कामं डोलोरेसनं, काकांनी आणि मी करायची, आणि जिथे लाल हात लागेल तिथे काकाच. पण बोलायचं कसं?

"डोलोरेस," काका म्हणाले, "मीनलला सांग, सीलचा शेवटचा आकडा सात आहे."

"डोलोरेस, काकांना सांग, मला दिसतंय."

डोलोरेस बिचारी आमच्या दोघांच्या मधे उभी. सात वाजेपर्यंत तिनं सांगितलं. मग म्हणाली, "मी शाळेत बारा-तेरा वर्षांच्या पोरांना जेवण वाढायचे. ती बरी होती."

दुपारी मी डबा काकांच्या टेबलावर ठेवला आणि काही न बोलता माझ्या जागी येऊन बसले. काकांनी डबा जवळ ओढला. झाकण उघडलं. एक घास, दुसरा घास. मी मतदारांची यादी वाचत असल्यासारखं केलं. अर्धा डबा संपला तेव्हा काका डब्याकडे बघतच मराठीत म्हणाले,

"दाण्याचं कूट थोडं जास्त चाललं असतं."

मी नुसतं "पुढच्या वेळी" म्हटलं.

डोलोरेस खुर्चीसकट पुढे सरकली. "बोलले! काय म्हणाले?"

मी म्हटलं, "माफी मागितली."

*

हा शेवटचा. मागच्या निवडणुकीचा.

दुपारी दोन ते चार जिम रिकामी असते. त्या वेळात वॉल्टर आणि पेंडसेकाकांची एक जुनी स्पर्धा चालते. पहिल्यापासून आजपर्यंतचे सगळे अध्यक्ष ओळीनं म्हणायचे. डोलोरेस हातात यादी घेऊन घड्याळ लावते आणि निकाल आपल्या डायरीत लिहिते.

काकांनी ही यादी पाठ केली नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी. परीक्षेत दोन-चार अध्यक्षांचीच नावं विचारतात. पण काका म्हणाले, काय विचारतील सांगता येत नाही! वॉल्टरचं वेगळं. त्याच्या टपालाच्या हद्दीत एक जुनी वस्ती होती, तिथल्या रस्त्यांना अध्यक्षांची नावं, तीही ओळीनं. एकतीस वर्षं तो त्या रस्त्यांवरून पत्रं वाटत चालला. त्यामुळे तो नावं म्हणायला लागला की त्याचे पाय टेबलाखाली हलतात. तरी जिंकायचे बहुतेक वेळा काकाच, दोन-तीन सेकंदांनी, आणि मग दिवसभर ते वॉल्टरला ऐकवायचे.

मागच्या निवडणुकीच्या आधी प्रभाकाकूंचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, मला फोन आला. काका दोनदा घराचा रस्ता चुकले होते. एकदा तर किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये तासभर बसून राहिले होते. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या होत्या. "त्यांना कळू देऊ नकोस मी सांगितलं ते," काकू म्हणाल्या, "पण दिवसभर जरा लक्ष ठेव." मी फक्त डोलोरेसला आणि वॉल्टरला सांगितलं.

दिवस छान गेला. काका मतदारांशी नेहमीसारखे बोलत होते, घोडागाडीची गोष्टसुद्धा दोघांना सांगून झाली. दोन वाजले. मला वाटलं, आज स्पर्धेचा विषय निघू नये. पण काकांनीच हात चोळले. "चला, वॉल्टर! तयारी करून आलायस ना?"

डोलोरेसनं माझ्याकडे बघितलं. मग यादी काढली, घड्याळ लावलं.

काका उभे राहिले. पहिला, दुसरा, तिसरा. तोच वेग, तोच हातवारा. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. आणि थांबले.

"तेरावा..." काका परत म्हणाले. "मग..."

डोलोरेसनं घड्याळ बंद केलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "थांब, पहिल्यापासून घेतो." पुन्हा सुरू केलं, या वेळी हळू. तेराव्यापाशी आले आणि पुन्हा तिथेच थांबले. मी दाराकडे बघत होते, एखादा तरी मतदार यावा म्हणून. कुणी आलं नाही.

"आत्ता होतं," काका म्हणाले. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "मीनल, आत्ता होतं गं." एवढा मोठा माणूस, पण आवाज इतका लहान झाला होता!

"बस खाली, बस," वॉल्टर म्हणाला. "तुझा टाइम संपला. आता माझी पाळी."

काका बसले. वॉल्टर कधीच उभा राहत नाही, त्या दिवशी राहिला. धडाधड नावं म्हणायला लागला. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा.

आणि गप्प झाला.

हनुवटी खाजवली. छताकडे बघितलं. टेबलावर बोटं वाजवली. "छे! गेलं."

"काय गेलं?" काकांनी विचारलं.

"चौदावा. जिभेवर आहे, पण येत नाही." वॉल्टर खुर्चीत बसला. "तो चौदावा मेला कुणाच्याच लक्षात राहत नाही."

काका पुढे झुकले. मग त्यांचा चेहरा असा काही खुलला! मांडीवर थाप मारून ते खदाखदा हसले. "तुझ्यापण? वॉल्टर, तुझ्यापण? म्हणजे बरोबरी!"

"बरोबरी," वॉल्टर म्हणाला.

डोलोरेसनं मान खाली घालून डायरीत लिहिलं.

त्यानंतर काका दिवसभर खुशीत होते. मत द्यायला येणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, "आज वॉल्टरसुद्धा अडला, बरं का!" वॉल्टर प्रत्येक वेळी हात वर करून कबूल करत होता.

केंद्र बंद झाल्यावर शेवटचं काम म्हणून मी सगळ्यांचे हजेरीचे फॉर्म गोळा केले. प्रत्येकानं आपलं नाव आणि घरचा पत्ता लिहून सही करायची असते. पाकीट बंद करण्यापूर्वी सगळं भरलंय ना एवढं मी बघते.

वॉल्टरचा फॉर्म सगळ्यात वर होता. पोस्टमनचं सुवाच्य अक्षर. घर नंबर, मग त्या चौदाव्या अध्यक्षाचं आडनाव, मग स्ट्रीट.